दुपारनंतरही तू जेवत होतीस

प्रिय आत्या,

आधी चूक दुरुस्त करते, मग बाकीचं बोलू. तू गेल्यावरच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी, इथं नांदेडला आमच्या कॉलनीतल्या विहारात, मी माइक हातात धरून सांगितलं की शांताआत्यानं साठीनंतर वजन उतरवलं आणि शेवटपर्यंत पुन्हा चढू दिलं नाही, कारण ती दुपारी बारानंतर अन्नाला शिवत नव्हती. हे खरं नाही. तू रोज रात्री जेवत होतीस. पोटभर जेवत होतीस!

हे कळून पाच दिवस झाले आणि पाच दिवस माझा जीव थाऱ्यावर नाही. तू नाहीस, तरी चूक आधी तुझ्यापाशी कबूल करायची सवय काही सुटत नाही.

ती सवय तूच लावलीस. आई-बाबा दोघं नोकरीला, म्हणून सहा वर्षांची होईपर्यंत मी देवणीला तुझ्याकडं वाढले. तू अंगणवाडीची बाई. अंगणवाडी सुटली की तुझ्या ओट्यावर माझी एकटीची शाळा भरायची. मुळाक्षरांच्या आधी मी लेकरांच्या वजनाचा तक्ता वाचायला शिकले: हिरवा पट्टा, पिवळा पट्टा आणि महिन्या-महिन्याच्या ठिपक्यांमधून जाणारी रेघ. एकदा मी आकडा चुकवला आणि खोडरबर मागितलं, तर केवढे डोळे वटारलेस! "रजिस्टराला खोडरबर न्हाई चालत. एक रेघ मार, वर खरं लिही, बाजूला सही कर. चूक झाली ते बी दिसू दे." पाच वर्षांच्या पोरीची सही! एक 'सु' आणि त्याच्यापुढं वाटोळं.

मग मी असं कसं बोलले? मला खरंच तसं वाटत होतं गं. नांदेडला शाळेत आल्यावर आम्ही तुझ्याकडं यायचो ते पौर्णिमेलाच, तुमच्या विहारातल्या वंदनेला. संध्याकाळी आई पिठलं-भाकरी करायची, तू आम्हाला वाढायचीस आणि स्वतः नुसतं पाणी पिऊन बसायचीस. आग्रह केला की म्हणायचीस, "मला भूक न्हाई, तुमी जेवा." पौर्णिमेला तू अष्टशील पाळतेस, त्या दिवशी दुपारनंतर जेवत नाहीस, एवढं साधं माझ्या डोक्यात आलं नाही. आईच्याही नाही. महिन्यातला एक दिवस पाहिला आणि उरलेले एकोणतीस आम्ही मनानंच भरले. आणि तू तरी कधी सांगितलंस का? पाळलेलं शील मिरवायचं नसतं, ठीक आहे, पण भाचीच्या कानात सांगायला काय हरकत होती?

माझ्या भाषणाला टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशीपासून आईनं रात्रीचं जेवण बंद केलं.

तिच्या गुडघ्यांचं तुला माहीत आहे. डॉक्टरांनी वजन थोडं कमी करा आणि रोज चाला, असं दोन्ही सांगितलं होतं. त्यातलं चालणं तिनं नुकतं सुरू केलं होतं. आता काय झालं? रात्री जेवायचं नाही म्हणून चार वाजता चहाबरोबर अर्धा पुडा बिस्किटं, वर शेव-चिवडा. सकाळी अंगात त्राण नाही, म्हणून चालणं बंद. महिन्याभरानं वजन पाहिलं तर काटा जिथल्या तिथं. आणि मागच्या आठवड्यात जिना उतरताना तिला गरगरलं. कठडा धरून पायरीवरच बसली. मी धावले, तर मला म्हणते, "काही नाही झालं. आक्कांनी इतकी वर्षं काढली, मला महिना निघत नाही व्हय?" नणंद गेल्यावरही भावजयीची चढाओढ संपत नाही, आत्या! विहारातल्या आणखी चौघीजणी तिच्या जोडीला आहेत.

मागच्या रविवारी तुझं सामान आवरायला देवणीला गेले, तेव्हा गंगूमावशी किल्ली घेऊन आली. तुझ्या अंगणवाडीची मदतनीस, तिला सगळं ठाऊक. मी तिला कौतुकानं माझं भाषण सांगितलं. ती किल्ली कुलपात तशीच ठेवून वळली.

"कोण म्हणलं बाई रातच्याला जेवत नव्हत्या? माझ्याच संग बसायच्या की! एक भाकर, वाटीभर डाळ, आंबाडीची भाजी. शेंगाची चटणी तर माझ्या ताटातली बी उचलायच्या."

"मग वजन कसं उतरलं?"

"आता माय! ते का उपाशी राहून उतरतंय?"

आणि मग तिनं तुझ्या पेटीतून तो तक्ता काढला. लेकराच्या वजनाचा तक्ता, वरून दुसरा कागद चिकटवून उंच केलेला, कारण तुझं वजन त्या छापील रेघांत मावेना! मी आणि गंगूमावशी पोट धरून हसलो. दर पौर्णिमेच्या सकाळी आडतीतल्या मोठ्या काट्यावर, तुरीच्या पोत्यांशेजारी उभी राहून तू वजन करायचीस म्हणे. हमाल विचारायचा, "बाई, तुम्हाला कोणत्या भावानं लावू?" तू म्हणायचीस, "जुना माल हाय, परवडणार न्हाई तुला."

गंगूमावशीनं सगळं सांगितलं. नोकरीत होतीस तोवर रोज दोन वस्त्या पायी फिरायचीस, घरोघर. निवृत्त झालीस आणि दोन वर्षांत अंगावर चढलं. तेव्हा तू तिला म्हणालीस, "गंगू, पाय रिटायर झाले, पण तोंड ड्युटीवरच हाय." मग तू तोंडाला उपाशी नाही मारलंस. दीडाची एक भाकर केलीस, डाळ-भाजी वाढवलीस, चहातली साखर हळूहळू उतरवलीस आणि पायांना पुन्हा कामावर घेतलंस. सकाळी गंगूमावशीला हाक मारायची आणि जुन्या वस्तीपर्यंत जाऊन यायचं. घरी परसातली खुरपणी.

तक्त्यावरचे ठिपके मी एकेक मोजले. रेघ किती सावकाश उतरली आहे! लग्नसराईत दोन ठिपके वर गेलेत. तिथं तू बाजूला लिहिलंयस, 'बुंदी. चालेल.' पुढच्या चार महिन्यांत ठिपके पुन्हा खाली. दोन वर्षांनी रेघ सपाट झाली आणि मग शेवटपर्यंत तशीच. लेकरांच्या आयांना हेच सांगायचीस ना? एका महिन्याच्या आकड्यानं घाबरायचं नाही, रेघ कुठं चालली ते बघायचं.

आणि मी? तुला आठवतं, गेल्या दिवाळीत तू दुपारपुरती नांदेडला आलीस, तेव्हा मी स्वयंपाकघरात छोटा काटा आणला होता, भाकरी ग्रॅमवर मोजून खायला? तू टोपलीतली भाकरी उचलून विचारलंस, "काय करलालीस गं? भाकर मोजलीस, आता भूक कशात मोजतीस?" मला राग आला होता. तीन महिने मोजून खाल्लं आणि चौथ्या महिन्यात सगळं परत आलं, हे तुला सांगायचं धाडस झालं नाही. आता सांगते. तो काटा माळ्यावर टाकलाय. आता रोज ऑफिसातून घरी चालत येते. पहिले दोन दिवस पोटऱ्या दुखल्या, पण रात्री आंबाडीची भाजी काय गोड लागली म्हणून सांगू!

देवणीहून आल्या आल्या आईला खरं सांगितलं. तिनं हातातली पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही. "चारचौघांत एक बोललीस आणि घरात येऊन दुसरं सांगतेस? माझी काळजी वाटते म्हणून रचतेस सगळं. मी आक्कांना माझ्या डोळ्यांनी पाहिलंय." तक्ता दाखवला, तर म्हणाली, "ह्यात वजन लिहिलंय, जेवण कुठं लिहिलंय?"

तिचंही बरोबरच आहे. चूक विहारात झाली आणि मी ती घरात खोडायला निघाले होते. खोडरबरच झालं की हे! कुणाला दिसू नये, कुणी हसू नये म्हणून. आणि हसतील, ही भीती मला आहेच. सगळ्या बायकांसमोर उभं राहून 'मी चुकीचं बोलले' म्हणायचं म्हणजे काय सोपं आहे? पण आई पुन्हा त्या जिन्यावर बसलेली मला बघायची नाही.

तूच सांगायचीस, "तुझं नाव कुणावरून ठिवलंय? उपाशी राहून तप करणाऱ्या भगवंतापुढं खिरीची वाटी धरणारीवरून. ध्यानात ठेव." इतकी वर्षं मी ते फक्त नाव समजत होते.

गंगूमावशीला फोन केलाय. ती बुधवारच्या एसटीनं येतेय. म्हणाली, "येते की! आन् तुझ्या मायला माझ्या शेजारी बसव, बाईंच्या ताटात काय असायचं ते मी सांगते." खीर मी करणार आहे, गूळ बेतानं घालून. शुक्रवारी सकाळी आई आणि मी चालायला निघू, आधी फक्त कोपऱ्यापर्यंत.

पण आधी गुरुवार. माझा शब्द आहे तुला: येत्या गुरुवारी, पौर्णिमेला, सकाळी दहाची वंदना झाली की मी त्याच जागी, तोच माइक हातात घेऊन उभी राहीन. एक रेघ मारीन, वर खरं सांगीन, आणि सगळ्यांना बारा वाजायच्या आत खीर वाढीन. आईला पहिली वाटी.

बाजूला ही सही आत्ताच करून ठेवते.

तुझी,
सु आणि वाटोळं

गुरुवारी, आत्या.