उघडा चाफा

फादर,

तुम्ही नवे, म्हणून आपल्या आवारातल्या चाफ्याला वठलेला म्हणता! रविवारनंतर तोडणार म्हणे. अहो, पानं झडली की तो असाच कुरूप दिसतो, आणि त्याच उघड्या फांद्यांवर फुलतो.

माझ्या लेकीचा चेहरा स्टोव्हने भाजला, तेव्हापासून प्रार्थनेलासुद्धा कुणी तिच्या बाकावर बसेना. मग ती ह्याच्याखाली बसायची. म्हणायची, "आई, येशू वरची साल बघत नाही गं." मी खेकसायचे, "गप, आधी जेव." मान वर करून बसावं अशी तिला तेवढीच जागा होती. आता ती गेली. तिथे मी झाडू टेकवून बसते.

तीनदा तुमच्या दारापर्यंत आले, पत्र मुठीत चुरगाळून परतले. शनिवारपर्यंत सांगा. झाड राहणार नसेल, तर माझ्या तोंडावर सांगा.

चर्च झाडणारी बाई