सात खाचांची किल्ली

३ फेब्रुवारी

बाबांना घरी आणलं. डॉक्टर म्हणाले, "आता तुमच्याजवळच असू द्या." म्हणजे काय ते कळलं. इस्पितळाच्या जिन्यात रडून घेतलं, तोंड धुतलं आणि त्यांच्याकडे गेले.

घर म्हणजे आमचं हॉटेलच. आम्ही राहतो तिसऱ्या मजल्यावर, आणि जिन्यात स्ट्रेचर वळत नाही. तळमजल्यावर खोली एकच — सात नंबर. रिकामी. मी किल्ली काढली तर बाबा ओरडले, "तिथे नाही! तो आला तर?"

अंगात त्राण नाही आणि आवाज एवढा! शेवटी काउंटरमागच्या बाकड्यावर गादी टाकली.

४ फेब्रुवारी

'तो' म्हणजे आबांचा लढाईतला मित्र. आबा, माझे आजोबा, अकरा वर्षं शिपाई होते. मित्राच्या पायात गोळी लागली तेव्हा आबांनी त्याला पाठीवर घालून आणलं. इस्पितळात त्याचा निरोप घेताना शब्द दिला — मी हॉटेल काढणार आहे, खालची खोली तुझी. तुला जिना चढायला नको.

आणि काढलं की हॉटेल! लिहिता-वाचता येत नव्हतं, म्हणून किल्ल्यांवर कानशीने खाचा पाडल्या. सात नंबरला सात खाचा. पाहुण्यांना सकाळी सहाला शिट्टी! एकदा दोघेजण घाबरून खाटेशेजारी ताठ उभे राहिले म्हणे.

सात नंबर मात्र कधी कुणाला दिली नाही. रोज सकाळी तिथली खाट आवरायची, चादर अशी ताणायची की हाताला सुरकुती लागता कामा नये. आधी आबा, मग बाबा, आता मी.

५ फेब्रुवारी

बाबांच्या पाठीला बाकडं रुततंय. पुन्हा विचारलं. "नको."

७ फेब्रुवारी

आज उगाच आबांचे शेवटचे दिवस आठवत राहिले. दारावरची घंटा वाजली की ते भरल्या ताटावरून उठायचे. गेले त्या दिवशीसुद्धा विचारलं, "आला का रे?" बाबा म्हणाले, "येतोय, आबा." मी बारा वर्षांची. मला हसू फुटलं. बाबांनी आयुष्यात एकदाच माझ्यावर हात उगारला, तो तेव्हा.

नंतर स्वतःच रडत बसले होते.

८ फेब्रुवारी

बाबांना थंडी वाजत होती. जाड पांघरूण शोधायला आबांची पत्र्याची ट्रंक उघडली. तळाशी त्यांचा लष्करातला कोट, आणि कोटाच्या आतल्या खिशात पत्र — मित्राच्या आईचं.

"तो इस्पितळातच गेला. तुमच्या त्या खोलीबद्दल सगळ्यांना सांगायचा. आता ती दुसऱ्या कुणाला द्या."

तारीख बघितली. हॉटेल काढलं त्याच वर्षीची!

म्हणजे आबांना पहिल्यापासून माहीत होतं. कुणाकडून तरी वाचून घेतलंच असणार. एकोणसत्तर वर्षं आम्ही मेलेल्या माणसाची खाट आवरतोय, आणि माझा जिवंत बाप बाकड्यावर! इतका राग आला आबांचा — समोर असते तर विचारलं असतं, हे काय नाटक लावलं होतं?

९ फेब्रुवारी

बाबांना पत्र वाचून दाखवलं. वाटलं, आता तरी हट्ट सोडतील. म्हटलं, "बघा, आबांनी फसवलं आपल्याला."

डोळे मिटून पडून राहिले. चहाही घेतला नाही. कशाला वाचलं मी!

१० फेब्रुवारी

सकाळी आपणहून बोलले.

"आबांनी नाही, पोरी. ते पत्र मीच त्यांना वाचून दाखवलं. नऊ वर्षांचा होतो. ते असे माझ्या तोंडाकडे बघत होते... मी म्हटलं, तो येतोय म्हणून लिहिलंय. खोली तयार ठेवा."

मी त्यांचा हात धरून बसले.

"आता आबा भेटतील मला. काय सांगू त्यांना? पहिलं हेच विचारतील — आला का रे?"