माठाखालची वाळू

पश्चिम राजस्थान
२० फेब्रुवारी २०२५

ती. काकूस,
सा. न. वि. वि.

फोनवर त्या जागेचं नाव काढायचं नाही, अशी काकांची ताकीद, म्हणून पत्र. त्यांना सांग, फोन कोण ऐकतं माहीत नाही, पण पत्र फार तर आपला पोस्टमन वाल्मीक वाचील, आणि त्याला तसंही गावातलं सगळं ठाऊक असतं.

काम सुरू झालं. अणुस्फोटाची चाचणी झाली त्या मैदानाच्या कडेच्या गावात आम्ही राहतो आणि म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी रेकॉर्ड करतो. मी धापूबाईंकडे उतरले आहे. मुली पुरे झाल्या म्हणून त्यांचं नाव धापू, तिकडच्या बोलीत ‘पुरे’. तुझं नाव कडू ठेवलं ते तू जगावीस म्हणून. तुम्हा दोघींची गाठ घालून द्यायला हवी.

त्या सांगतात, अठ्ठ्याण्णवच्या मे महिन्यात जवान दारोदार आले, घराबाहेर झाडाखाली जाऊन बसा म्हणाले. भर दुपारी जमीन हलली, पाण्याच्या टाक्याला तडा गेला. पुढे काही वर्षांनी त्यांचा नातू आजारी पडून गेला. कशानं, ते कुणी सांगितलं नाही. तेव्हापासून मैदानाकडची वाळू त्या घरात येऊ देत नाहीत, भांडी घासायलासुद्धा.

काका तेव्हा लष्करात तिथंच होते ना? चाचणीसाठी घेतलेल्या जुन्या विहिरीत वाळूच्या गोण्या उतरवायचं काम त्यांच्याकडे होतं, एवढं बाबांकडून ऐकलं आहे. ते माझ्याशी बोलतील का? नाव कुठंही येणार नाही. तूच विचार, माझी हिंमत होत नाही.

रागावलात तरी माया कमी करू नका.

तुझी,
अपेक्षा

---

बोरी, जि. परभणी
४ मार्च २०२५

चि. अपेक्षास कडूबाईचे अ. उ. आ.

पत्र पोचलं. वाल्मीकनं न फोडता दिलं. तिथं ऊन लय असंल, डोक्याला बांधत जा. दोन घास जास्त खा, मागच्या येळी तू नुसती काडी दिसत होतीस.

पत्र ह्यांना जेवताना वाचून दाखवलं. वाळूचं आलं अन् हे ताटावरून उठले. मला वाटलं, धापूबाईच्या नातवाचं ऐकून जीव कसनुसा झाला. सकाळी बघते तर माठ बाजूला, अन् त्याच्या खालची वाळू खरवडून युरियाच्या गोणीत भरलेली. गोणी शेतात बांधावर नेऊन टाकली अन् स्वतः तिथंच राखत बसलेत. भाकरी घेऊन गेले तर लांबूनच म्हणाले, कडू, पुढं यायचं न्हाई.

तुला म्हाईत नसंल, ती वाळू तिकडचीच हाय. स्फोटानंतर सुट्टीवर आले तवा ट्रंकेतून आणली. लय मान होता तिचा. अख्खं गाव बघायला आलं. तवाचे सरपंच किशनराव, त्यांनी तर चिमूट कपाळाला लावली. मग मीच ती माठाखाली घातली, चांगली बारीक होती म्हणून. त्या ओल्या वाळूत आमची पंकजा मेथी पेरायची अन् कोवळी उपटून तशीच खायची.

दहा वर्षांची होऊन रक्ताच्या आजारानं गेली. तवापासून हे माठाचं पाणी पीत न्हाईत. दाताला लागतं म्हणायचे अन् अंगणातल्या नळाचं प्यायचे. मी दातच समजत होते, इतकी वर्षं.

तुझ्या वळखीत कुणी तपासणारं असंल तर बघ. त्या वाळूत काय हाय ते एकदाचं ह्यांना सांगा. वाईट असलं तर वाईट सांगा. असं बांधावर किती दिवस बसतील?

पत्राची वाट बघते. तब्येतीला जप.

तुझी काकू,
कडूबाई

---

पश्चिम राजस्थान
१५ मार्च २०२५

ती. काकूस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र तीनदा वाचलं. परभणीत सिद्धोधन सर म्हणून माझ्या ओळखीचे आहेत, कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवतात. त्यांच्याकडे किरणोत्सर्ग मोजायचं यंत्र आहे. या महिन्यात येऊन जातील. चहात साखर कमी घाल.

काकांना हेही सांग, की दर उन्हाळ्याच्या सुट्टीत मी त्याच माठाचं पाणी प्यायले आहे आणि धडधाकट आहे. ते काय म्हणतील तेही मला ठाऊक आहे. मेथी मी कधी खाल्ली नाही. कडू म्हणून थुंकायचे, मग पंकजा माझ्या वाटणीचीही खायची.

धापूबाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, यंत्र आणण्याआधी काकांनी विचार करावा. त्यांच्या गावात आलेलं यंत्र दरवेळी ठीकच म्हणालं, आणि मग त्यांचं ऐकायला कुणी थांबलं नाही.

काकांना आत्ता मुलाखतीचं विचारू नकोस. मी विचारलं तेच चुकलं. तुमच्या पायाशी जागा असू द्या.

तुझी,
अपेक्षा

---

बोरी
६ एप्रिल २०२५

चि. अपेक्षास अ. उ. आ.

सर येऊन गेले. माणूस गरीब हाय, बिनसाखरेचा चहासुद्धा चांगला म्हणाला. त्यांनी गोणीत यंत्र धरलं, मग अंगणात, मग बांधावरच्या काळ्या मातीत. सगळीकडं सारखंच निघालं. साधी वाळू हाय म्हणाले, नदीला असती तशी.

ह्यांनी पुन्हा मोजायला लावलं. सरांनी न कंटाळता मोजलं. तेच आलं. मला वाटलं, आता मोकळे होतील, रडतील तरी. ह्यांनी सरांना विचारलं, मग आमची पोरगी कशानं गेली? सरांनी कप खाली ठेवला, यंत्र पिशवीत भरलं.

सोळा वर्षं ह्यांच्यापाशी एक कारण होतं. स्वतःच्या माथ्यावर घेतलेलं का हुईना, पण होतं. आता तेबी न्हाई. घरी आलेत, जेवतात, झोपतात, पण बांधावर बसले होते तवा बरे दिसायचे.

ह्यांनी तुला निरोप दिलाय तो लिहिते. धापूबाईला म्हणावं, पेरणीआधी मी येतो. तिच्यापाशी बसतो, तिला काय इचारायचं ते तिनं इचारावं. तुझं रेकॉर्डचं मशीन चालू ठेवायचं का न्हाई, ते ती ठरवील. कामाचं जेवढं सांगता येतं तेवढंच सांगीन, बाकीची शपथ घेतलेली हाय.

गोणीतली वाळू मी परत माठाखाली घातली. ह्यांना न विचारता मेथी पेरली. उगवलीय. हे नळाचंच पाणी पितात अजून. काल दुपारी मात्र माठावरचं झाकण काढलं, तांब्या भरून घेतला. मी चुलीपासून मान वर न करता बघत होते. प्याले न्हाईत. खाली बसले अन् हळूहळू सगळं पाणी मेथीला घातलं.

ते येतील तवा तू तिथंच ऱ्हा. जवळचं म्हणून तूच आहेस.

तुझी काकू,
कडूबाई