तुमच्या नाइटचा आठवडा

अहो,

आज कुकरची शिट्टी झाली. एकच झाली, पण मी हातातली मेथी टाकून धावले, गॅस बंद केला आणि आपल्या बेडरूमच्या दाराकडे पाहिलं. म्हणून हे पत्र. हे सांगू तरी दुसऱ्या कुणाला?

तुमच्या नाइटचा आठवडा चालू आहे ना! तुमच्याच शिफ्टचे शेजारचे गौतमभाऊ सकाळी कंपनीच्या बसमधून उतरताना दिसले, की मला कळतं. तुम्हाला जाऊन वर्ष उलटलं, तरी त्या आठवड्यात मी दिवसा मिक्सर लावत नाही, टीव्हीचा आवाज बंद ठेवते आणि शिट्टी व्हायच्या आत गॅस विझवते. भात कधी कच्चा, कधी गिचगोळा. आपली प्रज्ञा मुकाट खाते.

चाकणच्या कारखान्यातून आलात की कसे बसायचात, आठवतं? बूट काढून, गॅलरीतल्या खुर्चीत, डोळे मिटून. माझ्याकडे तर सांगायला ढीगभर! पाणी आलं नाही, सोसायटीत भांडण झालं, कॉलेजातून फोन आला. तुम्ही हात वर करायचात. "थांब जरा. मी अजून लायनीवरच हाय. घरी येऊ दे मला."

मी चरफडायची. मोशीत घरी येऊन बसलाय, आणि म्हणे येऊ दे! मग तुम्ही डोळे उघडायचात. "हं, आलो. बोल आता." आणि असं ऐकायचात, की सांगता सांगताच माझा निम्मा राग उतरायचा. असं कुणी ऐकत नाही हो आता.

मलाही शिकवलंत. रविवारी विहारात शेजारी बसवून घेतलंत. श्वास आला, श्वास गेला, एवढंच बघायचं. आता मी एकटी बसते. तिथल्या ताई सांगतात, मन कुठं गेलं ते बघा आणि न रागावता परत 'आत्ता'त आणा. कुठं जाणार? तुमच्याकडेच जातं. आणि परत कशाला आणू? या 'आत्ता'मध्ये तुम्ही नाही! स्वतः खुशाल निघून गेलात, आणि मी म्हणे आजच्यात राहायचं!

पण आज गॅस बंद करून वळले, तर ओट्याशी प्रज्ञा उभी. कुकर तिनंच लावला होता.

"आई, पप्पा नाही झोपलेत तिकडं."

"माहितीये गं मला."

"मग माझ्याकडं बघ ना. मघापासून सांगतेय, मला नोकरी लागली. तू नुसती हं हं करतेयस."

खरंच सांगत होती हो ती. एक शब्द माझ्या कानात शिरला नव्हता. पोरगी ओरडली नाही, रडलीही नाही, हेच जास्त लागलं. तिला खाली बसवलं, म्हटलं, पहिल्यापासून सांग. शिफ्ट कुठली, विचारलं. जनरल आहे म्हणाली, दिवसाची. तुम्ही किती खूश झाला असतात!

तुमची फार आठवण येते. येईल तेव्हा येऊ देईन, हाकलणार नाही. पण उद्यापासून भात नीट शिजवीन, आणि प्रज्ञा बोलायला लागली की हातातलं ठेवून तिच्याकडे बघेन. एवढा शब्द देते.

अहो, तुमची झोप आता कशानंच मोडायची नाही. हे लिहायला फार वेळ लागला, पण लिहिलं.

जयभीम.

तुमचीच,
शोभा