देणाऱ्याचा पेला

अण्णा, पंधरा दिवसांपूर्वी लातुरात डॉक्टरांनी मला विचारलं, दारू घेता का. मी नाही म्हणालो. त्यांनी रक्ताचा रिपोर्ट पुन्हा पाहिला, मग तुमच्या सुनेकडे पाहिलं आणि तोच प्रश्न तिला विचारला. तिनं नाही म्हटलं, पण मान खाली घालून. परतताना स्कूटरवर मागून तिचा आवाज आला, "खरं सांगा. मी माहेरी बी सांगणार न्हाई."

यकृताला सूज आहे. काय काय खाता-पिता असं विचारल्यावर मी काढ्याचं सांगितलं. गुळवेल, भुईआवळी, पाव होईपर्यंत आटवलेला, दर रविवारी आणि बुधवारी, तुम्ही गेल्यापासून एकोणीस वर्षं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. गुळवेलीनं काहींच्या यकृताला इजा होते, सगळ्यांच्या नाही, ते म्हणाले. तुमची सूज त्यानंच आली असं आज छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही, बंद करून बघू. भाजीतली हळद, आमटीतला कढीपत्ता यांना त्यांची हरकत नव्हती. झाडपाला आटवून वर्षानुवर्षं पेल्यानं पिणं वेगळं. मी म्हणालो, पण आमच्याकडे कावीळ बरी होते. बरीचशी कावीळ नुसत्या विश्रांतीनं बरी होते, ते म्हणाले, आणि पुढच्या पेशंटसाठी घंटी वाजवली.

चाकूरच्या अलीकडं आपलं घर. आई उजाडायच्या आत पातेलं चुलीवर चढवते, दिवस वर येईपर्यंत ओसरीवर माणसं बसलेली असतात, उपाशीपोटी, डोळे पिवळे. तुमच्या वडलांनी घालून दिलेले नियम तीन. पैसा घ्यायचा नाही. कुणाला परत लावायचं नाही. आणि देणाऱ्यानं आधी प्यायचं, घेणाऱ्याच्या डोळ्यांदेखत. पंधरा माणसं आली तर तुम्ही पंधरा वेळा पेला तोंडाला लावायचात. मी दहावीत होतो, फार शहाणा झालो होतो. म्हणालो, सगळ्यांसमोर एकदाच प्या ना. तुम्ही सगळ्यांदेखत माझ्याकडे वळलात. "शेवटी बसलेल्याला कसं कळंल, त्याच्या पेल्यात काय हाय?" माणसं हसली. त्यातल्या एका म्हाताऱ्यानं माझी बाजू घेतली, म्हणाला, पोरगं बापाचा जीव वाचवायलंय. तेव्हा तो विनोद होता.

तुमचं पोट फुगलं तेव्हा आपण नांदेडला गेलो. तिथल्या डॉक्टरांनीही पहिला प्रश्न हाच विचारला होता. आई रडली, म्हणाली, सुपारीचं खांड तोंडात टाकत नाहीत. काढ्याचं कुणी विचारलं नाही, आणि सांगायचं आम्हाला सुचलं नाही. औषधाला कोण खाणं-पिणं म्हणतं. तिसऱ्याच्या दिवशी पारावर कुणीतरी बोललं, काढा गुळवेलीचा होता का मोहाचा, देव जाणे. ते माझ्या कानावर पडलं आणि मी काहीच बोललो नाही. कारण वॉर्डात तुम्ही झोपलेले असताना मी तुमच्या तोंडाजवळ वाकून वास घेतला होता. कडवट आला. कशाचा ते मला ठरवता आलं नाही, आणि मी वाईटच ठरवलं. त्या समजुतीवर मी एकोणीस वर्षं काढली. बाप चोरून पीत होता, निदान त्याचं औषध तरी चालवू, असं म्हणत तुमचा पेला दर खेपेला घासला.

आता तुमच्यावरचा तो डाग मी पुसू शकतो. त्यासाठी एवढंच म्हणावं लागेल की काढ्यानं तुम्हाला खाल्लं असेल. मग ज्यांना ज्यांना तुम्ही तो पाजलात ते माझ्याकडे बघतील. त्यांनी तीन-तीन दिवस घेतला, तुम्ही जन्मभर, हा फरक मी वर्गात समजावून सांगू शकेन, ओसरीवर नाही. गप्प राहिलो तर तुम्ही दारुडे, आणि हळूहळू मीही. गल्लीत सुरू झालंच आहे.

मी बंद करणार होतो. गेल्या रविवारी उमरीहून एक बाई आली, नवऱ्याला घेऊन. त्याचे डोळे हळदीसारखे. मी म्हणालो, आधी दवाखान्यात जा. ती म्हणाली, "झालं की गुरुजी. निसतं आराम करा म्हनले. तुमच्या वडलानं माज्या मायला उठवून बसवलं हुतं." मी पुन्हा नाही म्हणालो. ती उठली नाही. लई लांबून आलो, एवढंच म्हणाली. शेवटी मी काढा आणला. नवऱ्यानं पेला हातात धरला आणि थांबला. माझ्या तोंडाकडे बघत.

हे मी कुणाला दाखवणार नाही, तुमच्या सुनेलाही नाही. तुम्हाला पोचायचा प्रश्नच नाही, म्हणून लिहितो. मी स्वयंपाकघरातून माझा पेला भरून आणला होता. त्यात गाळलेला कोरा चहा होता, गार केलेला. मी तो त्याच्यासमोर प्यालो आणि तोंड कडू केलं. त्यानं ते पाहिलं आणि त्याचा पेला एका दमात संपवला.