वॉर्नंबूलचा एमू आणि उर्वीचं ‘येते’

मॉरिसव्हिल,
शनिवार

ती. सुलेखावन्सं यांना,

रेखाचा वाकून नमस्कार. (गुडघा अजून कुरकुरतोय, त्यामुळे तूर्त मनातल्या मनातच वाकले आहे, गोड मानून घ्यावा.) तुमची शुगर, संजयरावांचं घोरण्याचं मशीन आणि अल्फारेटातले तुमचे सगळे मंडळवाले ठीक असतील असं धरून चालते. फोन न करता पत्र लिहितेय, कारण फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही. (राग नसावा, तुम्ही कुणालाच देत नाही.) आमच्या उर्वीला ऑस्ट्रेलियातून उचलून परत अमेरिकेत आणायचं आणि कोजागिरीला तुमच्या मैत्रिणीच्या मुलाला, देवला, दाखवायचं, या कामगिरीवर तुम्ही आम्हाला पाठवलंत. तिथल्या बंदरावरून मी आनंदाने ओरडत ‘उर्वी येतेय’ असा फोनही केला होता. त्याचा खुलासा करायचा आहे, पण क्रमाने सांगते.

मेलबर्नला उतरल्यावर तुमच्या बंधुराजांनी गाडी भाड्याने घेतली. तिथे डावीकडून चालवतात. हे म्हणाले, “आपण मूळचे पुण्याचे, डावी बाजू आपल्या रक्तात आहे.” रक्तात असेल, हातात नव्हती. तिकडच्या गाड्यांत इंडिकेटर आणि वायपर यांच्या जागा उलट असतात. त्यामुळे प्रत्येक वळणावर आमचे वायपर खडखडून काच पुसायचे आणि आम्ही कुठे वळणार ते मागच्यांना देवसुद्धा सांगू शकत नव्हता. (हा वरचा देव. तुमचा दातांचा डॉक्टर नव्हे.) आम्हाला घ्यायला आलेली उर्वी मागे बसून हसत होती. तीन तास मागे बसलेली मुलगी, पळून जायला जागा नाही, म्हटलं हीच वेळ. मी घसा खाकरला आणि विचारलं, “उर्वी, तुझं पुढचं काय?” ती म्हणाली, “आई, लुक! ओशन!” वन्सं, समुद्रकिनाऱ्याच्या रस्त्यावर समुद्र दिसला, यात आश्चर्य ते काय?

तेव्हाच मला तिचा डाव कळायला हवा होता. मी विषय काढला रे काढला, की ही एक प्रेक्षणीय स्थळ पुढे करायची. पहिलं स्थळ म्हणजे ट्वेल्व्ह अपॉसल्स. समुद्रात उभे असलेले दगडी सुळके, जगभरातून माणसं बघायला येतात. नाव बारा, मी मोजले तर सात. हे म्हणाले, आठवा कोपऱ्यात आहे. बारा तर कधीच नव्हते म्हणे, नाव आपलं भारदस्त असावं म्हणून ठेवलंय! आमच्या मंडळाच्या पिकनिकला नावं देणारे आणि प्रत्यक्ष येणारे यांचं प्रमाण साधारण असंच असतं, पण आम्ही त्याचं तिकडच्यासारखं पोस्टर काढत नाही. वाऱ्याने माझी ओढणी एका जपानी गृहस्थांच्या तोंडावर जाऊन बसली. त्यांनी ती घडी घालून परत दिली, आणि तेवढ्या गडबडीत उर्वी कॉफी आणायला सटकली.

मग वॉर्नंबूल. (नाव ऐकून मला आधी पोटदुखीचं औषध वाटलं.) उर्वी तिथे राहते आणि सील (ते समुद्रातले मिशाळ प्राणी) मोजते. ड्यूक युनिव्हर्सिटीतून मास्टर्स केलेली मुलगी, सील मोजते! गावाबाहेर व्हेल बघायला लाकडी मचाण बांधलंय. ऑगस्ट म्हणजे तिकडे ऐन हिवाळा. दात वाजत होते, नाक गळत होतं, आणि व्हेलचा पत्ता नव्हता. मी पुन्हा सुरुवात केली, “हे बघ, सुलेखाआत्याने एक मुलगा...” तर ती तोंडावर बोट ठेवून म्हणाली, “श्श, आई! व्हेल्स आर व्हेरी सेन्सिटिव्ह टू साउंड.” आणि ह्यांनीही मला गप्प केलं! जन्मभर माणसांचं हृदय तपासलं त्यांनी, पण स्वतःच्या बायकोचं काय धडधडतंय ते कळेल तर शपथ. तासाभराने लांब पाण्यात काहीतरी काळं हललं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला ते टायर वाटलं.

दुसऱ्या दिवशी एमू बघायला गेलो. एमू म्हणजे शहामृगाचा बेशिस्त चुलतभाऊ. तुम्ही कोपऱ्यांना कुंकू लावून दिलेला देवचा बायोडेटा मी पर्समध्ये घेऊनच फिरत होते. पिकनिकच्या टेबलावर तो उर्वीसमोर ठेवला मात्र, मागून हा एवढा लांब गळा आला आणि कागद चोचीत! त्याने तो धरला, जरा विचार केल्यासारखी मान वाकडी केली, आणि टाकून दिला. उर्वी म्हणाली, “सेम.” वन्सं, मला इतका संताप आला, की मी एमूला मराठीतून सुनावलं.

परत निघायच्या आदल्या दिवशी आम्ही तिला सोडायला जवळच्या पोर्ट फेअरी बंदराच्या धक्क्यावर गेलो. ती तिथून बोटीने सीलच्या बेटावर जाते. गुडघ्यापर्यंत रबरी बूट, अंगाला माशांचा वास, दोन दांडग्या पुरुषांना “ती दोरी सोड, ती पेटी उचल” असं सांगत होती आणि ते निमूट ऐकत होते. मध्येच कशावरून तरी खदाखदा हसली. खरं सांगते, कॉलेजनंतर तिला इतकं मोकळं हसताना मी पाहिलं नव्हतं. पण मी मन घट्ट केलं. तिला जवळ घेतलं (वासासकट) आणि सरळ म्हटलं, “आता हे व्हेल नि दगड पुरे. आमच्याबरोबर घरी चल. येतेस ना?” बोटीचा भोंगा वाजला. ती माझ्या गालाची पापी घेऊन म्हणाली, “येते आई, येते हं!” आणि उडी मारून बोटीत. मी तिथूनच तुम्हाला फोन लावला. बासुंदीची ऑर्डर तुम्ही पाचच मिनिटांत दिलीत, हा काही माझा दोष नाही.

दुसऱ्या दिवशी एअरपोर्टवर उर्वी परस्पर आली, ती खांद्याला झोळी अडकवून. मी विचारलं, “बॅग कुठाय?” म्हणाली, “कसली बॅग?” “अगं, तू येते म्हणालीस ना!” तर डोळे मोठे करून माझ्याकडेच बघत राहिली. “आई, यू टॉट मी! जाते म्हणायचं नाही, येते म्हणायचं.”

खरंच की हो, वन्सं. मॉरिसव्हिलच्या स्कूल बसपाशी रोज दटावायचे मी तिला. बाय नाही, जाते नाही, येते म्हण. एवढंसं कार्टं बसच्या पायरीवरून ‘येते’ ओरडायचं. इंग्लिशमध्ये भांडणाऱ्या माझ्या मुलीने माझं एवढं एकच मराठी नीट लक्षात ठेवलं, आणि त्यानेच माझा घात केला. मला तिथेच रडू कोसळलं. तीही रडली. हे गाडीत इंडिकेटर शोधायचे तसेच खिसे चाचपत रुमाल शोधत होते. पण तिने विमानात पाऊल टाकलं नाही.

तर ऑस्ट्रेलिया हा असा देश आहे. दगड मोजून भरत नाहीत, व्हेल टायरसारखे दिसतात, पक्षी कागद पळवतात, कॉफीचा मग पुन्हा भरून देत नाहीत आणि वारा माणसाला उभं राहू देत नाही. कुणी बोलावलं तरी जाऊ नये.

संजयरावांना नमस्कार.

तुमची
रेखा

ता. क. : देवच्या आईला तुम्हीच काय ते सांगा. मुलगा सोन्यासारखा आहे, त्याला म्हणावं मनाला लावून घेऊ नकोस. बासुंदी वाया घालवू नका, कोजागिरीला आम्ही दोघं येऊन संपवू.

ता. क. २ : अलास्काच्या क्रूझसाठी तुम्ही घेतलेला तो जाड कोट मला उसना हवाय. दिवाळी झाली की आम्ही पुन्हा वॉर्नंबूलला निघतोय आणि तिकडचा पुढचा हिवाळा संपेपर्यंत राहणार आहोत. हे तर सीलची पिल्लं मोजायला शिकायचं म्हणतायत. मी तिच्या बोटीच्या धक्क्याजवळच दोन खोल्या बघून ठेवल्यात, ऊन छान येतं. उर्वीला मात्र एवढ्यात बोलू नका. तिला वाटेल, आम्ही तिला न्यायला येतोय.