काठीवरचा हात

प्रिय व्याहीबुवा,

पाकीट डिंकाने चिकटवून वर दोऱ्याचे चार टाके घातलेत. टाके उसवलेले दिसले तर समजा, तुमच्या आधी कुणीतरी वाचलं. माझ्या लेकीवर, म्हणजे तुमच्या सुनेवर, माझा संशय नाही. पण तिला प्रश्न फार पडतात, आणि ही खोड तिने माझ्याकडूनच उचललीय. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. अक्षर लागलं नाही तर रागावू नका. आधीचा राग आहे तेवढा पुरे.

तीन आठवडे झाले, तुम्ही वाचनालयामागच्या खोलीत आपला काठी-चेंडूंचा पूल खेळायला आला नाहीत. फोन करावा तर तुम्ही अंघोळीला गेलेले. दिवसातून चार वेळा कोण अंघोळ करतं हो? तिकडे खोलीत मी शिरलो की पोस्टमास्तर तोंडासमोर पेपर धरतात आणि कंपाउंडर उगाच काठीला घासायचा खडू शोधायला लागतात. माझंच बोलणं चाललेलं असतं, दुसरं काय!

आता खरं सांगतो. तुमच्यावर माझा डोळा आपल्या भांडणाच्या बऱ्याच आधीपासून होता. भिंतीवर नियम लिहून मीच लावला, आठवतं ना? नेम जुळवायला काठी टेबलावर आडवी ठेवून रेघ बघायला हरकत नाही, पण काठीवरचा हात सुटता कामा नये. सुटला की फाउल. कारण हात सोडला की माणसाला दोन पावलं मागे सरून काठीची दिशा निवांत बघता येते, आणि मग तो खेळ राहत नाही. खेळाच्या नियमांचं पुस्तक ओळीखाली बोट धरून वाचायला मला महिना लागला. तुम्ही नकाशा-ऑफिसात जन्म घालवलेले, चार बुकं जास्त शिकलेले. एवढी एकच गोष्ट अशी निघाली, जी मला माहीत आणि तुम्हाला नाही. ती मी सोडतोय होय! दोन महिन्यांत सहा वेळा तुमचा हात सुटलेला मी पाहिला. पाच वेळा गप्प बसलो. मनात म्हटलं, बघू या गडी किती पुढे जातो.

सहावी वेळ म्हणजे तो गुरुवार. शेवटचा काळा चेंडू राहिलेला. तुम्ही काठी ठेवलीत, वाकलात आणि कोपऱ्याच्या खिशाकडे टक लावलीत. मी ओरडलो, "फाउल! हात सुटला!" तुम्ही मान न वळवता म्हणालात, "सुटला कसला? धरलीय की घट्ट." सगळे हसले. पोस्टमास्तर म्हणाले, "टेलरमास्तर, खेळताय की मुलीकडच्यांचा सूड उगवताय?" तिथे माझं डोकं फिरलं. लबाड म्हणालो तुम्हाला. सोयरीक जुळवतानाही असाच हात मारला असेल, असंही म्हणालो. तुम्ही काठी स्टँडला लावलीत, चष्मा पुसलात आणि चपला घालून निघून गेलात.

परवा लेक आली होती. मी तिची उलटतपासणी घेतली. सासरे माझ्याबद्दल काय बोलतात, कुणाजवळ बोलतात? ती वैतागली. म्हणाली, "बाबा, ते काही बोलत नाहीत. तुम्हीच सगळ्यांच्या तोंडात शब्द घालता." मग म्हणाली, कप घ्यायला बाजारात जायचंय, मामंजींच्या हातून या महिन्यात तिसरा फुटला, म्हणतात कपाचा कान निसरडा आहे. मला वाटलं, विषय बदलतेय.

ती गेल्यावर मशीनवर बसलो. तुमचे तीन शर्ट पडले होते, काजं मोठी करायला दिलेले. चाळीस वर्षं काजं करतोय, आणि हे माझ्या कामात खोट काढतात, म्हणून मुद्दाम बाजूला टाकले होते. एक बटण लावून पाहिलं. सहज लागलं. दुसरं लावलं, तेही लागलं. मग काजांना हात लावावासा वाटेना.

व्याहीबुवा, लबाड माणसाला पकडलं की तो आधी आपल्या हाताकडे बघतो. तुम्ही बघितलंच नाहीत. तुमचा उजवा हात काठीपासून वीतभर वर होता, बोटं काठी धरल्यासारखी वळलेली, आणि तुम्ही सांगत होता की धरलीय. तुम्हाला खरंच तसं वाटत होतं. सहाही वेळा उजवाच हात होता.

हे पत्र माफीसाठी नाही. ज्या खोलीत चारचौघांत बोललो, त्याच खोलीत चारचौघांत माफी मागेन. पत्र लिहिलं ते सोमवारसाठी. सोमवारी शाळा उघडतेय आणि नातीला स्कूटरवर तुम्हीच सोडता. उजव्या मुठीत स्कूटरचा वेग असतो, ब्रेक असतो. ती मूठ कधी सुटते, ते तुम्हाला कळत नाही. लेकीला मी काही बोललेलो नाही, जावयालाही नाही. सोमवारी सकाळी सातला तुमच्या दारात येतो, पोरीला चालत शाळेत सोडतो. अकराला नसांच्या डॉक्टरांकडे नंबर लावलाय, माझ्या नावाने. बाहेर बसलेल्यांना वाटेल, तुम्ही माझ्यासोबत आलात. आत गेल्यावर खुर्चीत तुम्ही बसा. डॉक्टर म्हणाले काही नाही, तर परतताना रस्ताभर मला हसा, मी ऐकून घेईन. पण सोमवारी दार तुम्हीच उघडा, आणि आधी स्कूटरची किल्ली माझ्या हातावर ठेवा.

भांडण झालं तरी तुमचाच,
व्याही